रक्ताचा कर्करोग : साध्य कोणाला, असाध्य कोणाला?

१९७१ साली प्रदर्शित झालेल्या हृषीकेश मुखर्जी यांच्या 'आनंद' या चित्रपटाने आपल्या मध्यमवर्गीय मनावर जे अनेक संस्कार केले, त्यांत एक वैद्यकीय संस्कारही होता. नायकाला आतड्याचा 'लिम्फोसार्कोमा' झालेला आहे; डॉक्टरांनी त्याला सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे; आणि ही मुदत टळणारी नाही, हे पहिल्या रिळापासून प्रेक्षकांना ठाऊक आहे. रक्ताचा कर्करोग आणि त्याच्याशी नाते सांगणारे विकार म्हणजे सुंदर तरुण माणसांना हसतमुखाने नेणारी अटळ नियती, अशी समजूत त्या एका चित्रपटाने निर्माण केली असे म्हणता येणार नाही. पण ती घरोघर पोहोचवली, हे मात्र खरे. या समजुतीचा पगडा एवढा की आजही एखाद्या घरात 'ल्युकेमिया' हा शब्द उच्चारला गेला, की शेजारीपाजारी आजाऱ्याची विचारपूस करण्याऐवजी सांत्वनाच्या स्वरात बोलू लागतात.

वस्तुस्थिती मात्र गेल्या पाऊणशे वर्षांत आमूलाग्र बदललेली आहे. पण ती सर्वांसाठी सारखी बदललेली नाही. हा बदल कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या वाट्याला आला नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा आहे. आणि म्हणूनच वैद्यकातील कोणताही अधिकार नसताना प्रस्तुत लेखक या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

निमित्त एका प्रश्नाचे आहे. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका लिपिकाच्या नऊ वर्षांच्या मुलीला काही वर्षांपूर्वी तीव्र स्वरूपाचा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाल्याचे निदान झाले. मुंबईहून परतल्यावर ते गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "सर, डॉक्टर म्हणाले साधारण सत्तर टक्के. तुम्ही संख्याशास्त्र शिकवता. सत्तर टक्के म्हणजे नेमकं काय हो?" मी त्यांना समजावून सांगितले की तुमच्या मुलीसारखी शंभर मुले घेतली, तर त्यांतली सत्तर बरी होतात. त्यांनी मान डोलावली. माझे उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे बिनचूक होते. ते किती अपुरे होते, हे मला पुढे कळले.

परळची एक कथा

या रोगावरील उपचारांच्या इतिहासाचा एक धागा आपल्या परळमधून जातो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना जडणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेणे हे तिचे काम होते. परळच्या हाफकिन संस्थेशी निगडित राहून तिने दाखवून दिले की या रोगाचे मूळ जंतूंत नसून निकृष्ट आहारात आहे, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्या अर्कातील जो अज्ञात घटक रक्त निर्माण करतो, तो पुढे फॉलिक आम्ल या नावाने ओळखला गेला.

यानंतरचे पाऊल आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत टाकले. लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले आणि त्याचबरोबर त्याच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्येही बनवली. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांचा तर्क असा होता, की फॉलिक आम्लाने रक्तपेशी वाढत असतील, तर त्याच्या विरोधकाने ल्युकेमियातील मोकाट पेशींची उपासमार करता यावी. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सोळा बालरुग्णांपैकी दहा जणांचा रोग काही काळ हटल्याची नोंद होती. हा दिलासा अल्पजीवी ठरला. पण औषधाने ल्युकेमिया मागे हटतो, हे प्रथमच सिद्ध झाले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही या मुलांना दिले जाते. गिरणी कामगार स्त्रियांच्या उपासमारीतून हाती आलेले ज्ञान असे रोगाच्या उपासमारीसाठी कामी आले. १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे ते याच परळमध्ये, हाफकिन संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

साध्यासाध्यतेचा विचार

आपल्या प्राचीन वैद्यकाने रोगांचे साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे वर्ग पाडले आहेत. त्यांतील 'याप्य' ही कल्पना विशेष मार्मिक आहे. जो समूळ जात नाही, पण औषध व पथ्य चालू असेतोवर दबून राहतो, तो याप्य. रक्ताच्या कर्करोगांचा अलीकडचा इतिहास म्हणजे या चार पायऱ्यांवरील हालचालीचा इतिहास आहे.

प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एके काळी सर्वांत भयंकर समजला जाई. रुग्ण काही दिवसांत रक्तस्रावाने दगावत असे. चिनी डॉक्टरांनी १९७० व १९८० च्या दशकांत त्यावर दोन औषधे पुढे आणली : एक 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील आम्ल, आणि दुसरे चक्क सोमल! आज पहिले काही दिवस निभावून नेलेल्या बहुसंख्य रुग्णांत हा रोग साध्य झालेला आहे. उलट प्रौढांतील इतर तीव्र मायलॉइड ल्युकेमिया अजून कष्टसाध्यच आहेत. प्रगत देशांतसुद्धा साठीच्या आतील साधारण पस्तीस ते चाळीस टक्के रुग्ण बरे होतात. साठीनंतर हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर जात नाही. तेव्हा 'रक्ताचा कर्करोग' हा एक रोग नव्हेच. ते अनेक रोगांचे समान आडनाव आहे, आणि आडनावावरून भविष्य वर्तवण्यात अर्थ नाही.

असाध्यातून याप्यात आलेल्या रोगाचे उत्तम उदाहरण म्हणजे जीर्ण मायलॉइड ल्युकेमिया. १९६० साली फिलाडेल्फिया येथे नोवेल व हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी त्यामागील अदलाबदल उलगडून दाखवली. आणि २००१ मध्ये नेमक्या त्याच दोषावर घाव घालणारी इमॅटिनिब ही गोळी बाजारात आली. पूर्वी हे रुग्ण निदानानंतर सरासरी तीन ते पाच वर्षे जगत. या गोळीच्या मूळ चाचणीतील ऐंशी टक्क्यांहून अधिक रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. पण रोग याप्य आहे, म्हणजे गोळी चालू राहिली पाहिजे. ती वारंवार चुकली की रोग पुन्हा डोके वर काढतो. आणि गोळी चालू राहणे हे तिच्या किमतीवर अवलंबून आहे.

येथे अर्थशास्त्र दारातून आत येते. मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ ते दहा हजारांत मिळे. हा फरक १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने निर्माण केला होता; त्या कायद्यानुसार औषधावर नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मिळत असे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ मध्ये हा कायदा बदलावा लागला. तरी जुन्या द्रव्याच्या किरकोळ नव्या रूपावर मक्तेदारी मिळू नये, अशी तरतूद तीन-ड या कलमात ठेवण्यात आली. नोव्हार्टिस कंपनीचा अर्ज त्याच कलमावर अडला. तिच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचा दावा फेटाळला. कंपनीने अनेक भारतीय रुग्णांना हे औषध विनामूल्य दिले होते, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु दात्याची मर्जी फिरली म्हणजे आयुष्य संपावे, अशी व्यवस्था कितीही उदार असली, तरी ती हक्काची व्यवस्था नव्हे.

उपचार : दुधारी शस्त्र

औषध स्वस्त झाले, म्हणजे प्रश्न सुटला काय? दुर्दैवाने नाही. गोळीवर भागणारा रोग हा अपवाद आहे. तीव्र ल्युकेमियाचा उपचार म्हणजे रक्त निर्माण करणारा कारखानाच काही काळ बंद पाडून, त्यातील बिघडलेला माल नष्ट करून, कारखाना पुन्हा सुरू होण्याची वाट पाहणे होय. या मधल्या काळात शरीराचे तिन्ही पहारेकरी गैरहजर असतात. तांबड्या पेशी नाहीत म्हणून दम लागतो. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, नाहीत म्हणून हिरड्यांतून, नाकातून, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. आणि पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून एरवी निरुपद्रवी असणारे आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. जंतूंशी झुंजणाऱ्या या पेशींची संख्या घन मिलिमीटरला पाचशेच्या खाली असताना आलेला ताप हा साधा ताप नव्हे. पहिल्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले, तर मूल बहुधा वाचते. बारा तासांनी सुरू झाले, तर काहीही सांगता येत नाही.

याखेरीज प्रत्येक औषधाचे स्वतःचे देणे असते. एकाने हातापायांना मुंग्या येतात, दुसऱ्याने हृदयाचे स्नायू दुबळे होतात, तिसऱ्याने स्वादुपिंड सुजते. स्टेरॉइडने साखर वाढते आणि कधीकधी ताप झाकला जातो. मुलांमधील लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. एवढ्या काळात अशा प्रसंगांना एकदाही तोंड द्यावे लागत नाही, असे मूल विरळा.

आता त्या मुलीची हकिकत सांगतो. पहिल्या महिन्याचा कठोर उपचार तिने सोसला. अस्थिमज्जेची तपासणी झाली आणि दिवाळीसाठी चार दिवस घरी जाण्याची परवानगी मिळाली. पाडव्याच्या रात्री तिला ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी तापाची गोळी दिली. तालुक्याच्या खाजगी इस्पितळात सुट्टीमुळे रक्त तपासणारे कोणी नव्हते, आणि 'एवढ्या मोठ्या केसला हात लावणार नाही' असे तिथे सांगण्यात आले. त्यांनाही मी सर्वस्वी दोष देत नाही. काय करायचे, हे त्यांना कोणीच कधी सांगितलेले नव्हते. भाऊबीजेच्या संध्याकाळी गाडी ठरवून ही मंडळी मुंबईला निघाली. पहाटे पोहोचेपर्यंत मुलीचा रक्तदाब लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आठवड्याने तिच्या वडिलांनी कागदपत्रांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. त्यांत अस्थिमज्जेचा अहवाल होता. त्यात रोगाच्या पेशी नव्हत्या. रोग हटलेला होता.

सरासरीत काय धरले नव्हते?

मग माझे सत्तर टक्के कुठे चुकले? ते चुकले नव्हते. ते दुसऱ्यांचे होते. सरासरी ज्या शंभर मुलांवरून काढली, त्यांतली किती जणे रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर राहत होती, किती जणांच्या घरी थर्मामीटर होता, किती जणांच्या बापाला रात्री गाडी ठरवण्याइतके पैसे हाताशी होते, हे त्या आकड्यात दिसत नाही. आपण 'तुमच्या मुलीसारखी शंभर मुले' असे म्हणतो, तेव्हा 'सारखी' या शब्दात केवढे गृहीतक दडलेले असते! रोगाच्या पेशींपुरती ती सारखी असतात, पुढे नसतात.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. वाग्भटाने तर चांगल्या रुग्णाच्या लक्षणांत 'आढ्य', म्हणजे धनवान, हा गुण सरळच नोंदवून ठेवला आहे. जुन्या आचार्यांचा हा स्पष्टवक्तेपणा आधुनिक आकडेवारीला साधत नाही. आपण वैद्य आणि औषध या दोन पायांकडेच पाहतो आणि चौरंग डगमगतो कसा, याचे आश्चर्य करीत बसतो.

उरलेले दोन पाय सावरल्यास काय घडते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९७० च्या दशकात आपल्या मोठ्या कर्करोग केंद्रांतही या आजाराची वीस टक्क्यांपेक्षा कमी मुले दीर्घकाळ वाचत. १९८४ पासून मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एकच ठरावीक उपचारपद्धती अवलंबिली आणि आनुषंगिक शुश्रूषा सुधारली. चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण पंचेचाळीस ते साठ टक्क्यांवर गेले. यात कोणतेही जादूचे नवे औषध नव्हते. जी औषधे होती, ती शिस्तीने द्यायची आणि दिल्यावर मुलाला जगवायचे, एवढेच केले गेले. पुढे टाटा रुग्णालयाच्या बालरोग विभागाने निवास, आहार, पैसा आणि समुपदेशन यांची सांगड घातली, तेव्हा उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही लक्षणीयरीत्या घटले.

सीमान्त रुपया कोठे खर्चावा?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. क्षय, कुपोषण, बाळंतिणींचा पंडुरोग हे प्रश्न समोर असताना, थोड्यांच्या वाट्याला येणाऱ्या या खर्चिक रोगावर गरीब देशाने पैसा का घालवावा? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी हा प्रश्न टाळणार नाही. पण या आक्षेपात सर्व खर्च एकाच तराजूत टाकला जातो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा रुग्णालयात घडलेल्या 'कार-टी' पेशी-उपचाराला मान्यता मिळाली. परदेशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो उपलब्ध झाला, याचा अभिमान जरूर बाळगावा. तरी त्याचा खर्च काही लाखांच्या घरात आहे, आणि तो मुख्यतः इतर उपाय थकलेल्यांसाठी आहे. उलट, पाडव्याच्या रात्री जिल्हा रुग्णालयात दोन प्रतिजैविकांच्या कुप्या, एक रक्तपेशी मोजणारे यंत्र आणि काय करायचे ते ठाऊक असलेली एक परिचारिका, यांवर होणारा खर्च अगदीच मामुली आहे. आणि क्षयाच्या, बाळंतिणीच्या वा सर्पदंशाच्या रुग्णालाही तो उपयोगी पडतो. सीमान्त रुपयाने अधिकांत अधिक प्राण वाचवायचे असतील, तर तो येथे खर्च झाला पाहिजे.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक जिल्हा रुग्णालय एखाद्या मोठ्या कर्करोग केंद्राशी बांधून द्यावे. मुलाला घरी सोडताना एक मराठी कार्ड द्यावे, आणि ते कार्ड दाखवताच कागदपत्रे व पैसे न मागता तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे. दुसरी, आरोग्य-योजनांनी उपचाराबरोबर उपचार टिकवण्याचाही खर्च उचलावा. महात्मा फुले योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, हे स्तुत्य आहे. पण बापाची बुडालेली मजुरी, परळची राहण्याची जागा आणि आईचे दोन घास यांचे 'पॅकेज' कोठेच नसते. एस.टी. आणि रेल्वे सवलत देतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था आसरा देतात. पण एवढ्या मोठ्या राज्याचा भार धर्मशाळेच्या ओसरीवर किती काळ टाकायचा? तिसरी सूचना हिशेबाची. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. तीच परंपरा पुढे नेऊन, किती रुग्ण रोगाने गेले, किती उपचाराच्या गुंतागुंतीने आणि किती वाटेतच थांबले, याची वेगवेगळी मोजदाद प्रसिद्ध व्हावी. जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

शेवटची गोष्ट सरकारकडे मागायची नाही. बिंबिका पाच दिवसांपलीकडे साठवता येत नाहीत. धान्याची कोठारे भरता येतात, बिंबिकांची नाहीत. त्यांचा साठा म्हणजे रक्तदात्यांचा अखंड ओघ. आपली रक्तदान शिबिरे मात्र पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला आणि राष्ट्रीय सणांना उसळतात, आणि महाविद्यालये ओस पडली की मे महिन्यात व दिवाळीत रक्तपेढ्या कोरड्या पडतात. ल्युकेमियाला उन्हाळ्याची सुट्टी नसते. अठरा वर्षांवरील निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी व स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांनी शिबिराचा एक दिवस गाजवण्याऐवजी वर्षाचे वेळापत्रक आखले, तर एका जिल्ह्याची गरज पुष्कळ अंशी भागेल.

आमच्या महाविद्यालयात असे वेळापत्रक आता आहे. दात्यांची वही तेच गृहस्थ ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते प्राध्यापकांच्या खोलीत येतात, कोणाची पाळी कोणत्या तारखेला ते वाचून दाखवतात आणि जातात. सत्तर टक्क्यांचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. विचारला, तर आज मी निराळे उत्तर देईन. म्हणेन, सत्तर हा रोगाचा आकडा नव्हे, आपला आहे. उरलेल्या तिसांपैकी काही जण रोगापुढे हरतील. त्याला इलाज नाही. पण बाकीचे केवळ अंतरापुढे, सुट्टीपुढे आणि रिकाम्या रक्तपेढीपुढे हरतात, आणि त्यांना असाध्याच्या रकान्यात लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही.